पश्चिमेची फांदी

भाऊजींनी कॅमेरा घेतला, त्या दिवसापासून घरात आणखी एक वडीलधारं माणूस राहायला आल्यासारखं झालं. त्याला वेगळं कपाट, कपाटात ओल धरू नये म्हणून दिवसरात्र जळणारा दिवा, आणि त्याच्यासमोर कुणी शिंकायचंसुद्धा नाही. घरातल्या बाकीच्या माणसांना एवढं कधी कुणी जपलं नव्हतं.

वहिनी, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको, ही सरबराई खालच्या मजल्यावरून बघत. त्यांचं स्वतःचं सगळं दुकान एका पत्र्याच्या डब्यात मावायचं: रंगाच्या वड्या, बारीक कुंचले, एक भिंग. कुणी न लावता आपोआप उगवणारी इथली झाडं कागदावर काढायची, हा त्यांचा धंदा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत पान उलटलं की जी चित्रं लागतात, ती त्या काढत. पानाच्या शिरा मोजून काढत. एक शीर जास्त झाली तर कागद फाडत.

भाऊजींना वहिनींचा राग येत नसे, कीव येत असे. "वहिनी, एका झाडाला तुम्हाला महिना लागतो. मी एका सेकंदात किती काढतो माहीत आहे का?"

"माहीत आहे. आणि त्यातला एकही तुम्ही पुन्हा बघत नाही, तेही माहीत आहे," वहिनी म्हणत.

भाऊजींचं एक मंडळ होतं. त्याचं नाव 'निसर्गवेडे'. त्यात वेड भरपूर होतं, निसर्गाचं तेवढं सांगता येत नाही. पानांचे छाप असलेले कपडे घालून ही मंडळी अशा जागी जात, जिथे खरी पानं शोधावी लागत. हातभर लांब लेन्सा घेऊन एका बिचाऱ्या सरड्याभोवती कोंडाळं करत, आणि सरडा हलला की त्यालाच शिव्या देत. फुलपाखरू उडू नये म्हणून ते डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, गारठून बधिर झालं की फुलावर बसवायचं, वर पिचकारीने दव शिंपडायचं. मग त्या फोटोखाली 'पहाटेचं स्वप्न' असं लिहायचं. एकदा वहिनींनी लोणी काढायला फ्रीज उघडला तर तिथे डबीत एक स्वप्न पाय झाडत होतं. त्यांनी ते खिडकीतून सोडून दिलं. भाऊजी त्यावर आठवडाभर फुगून बसले होते.

मागच्या अंगणात भिंतीला धरून एक काटेरी झुडूप होतं. पांढरी बारीक फुलं, दाट पानं. वहिनी मोरीच्या खिडकीत बसून तेच काढत होत्या. त्यात बुलबुलने घरटं केलं होतं, तेव्हा जवळ जायचा प्रश्नच नव्हता. खिडकीतून दिसेल तेवढंच काढायचं. पिल्लं निघाली. वहिनी कुंचला हातात धरून नुसत्या बघत बसत, आणि चित्र मागे पडे.

एका सकाळी त्या कागद घेऊन बसल्या, तर अर्धवट काढलेली फांदी समोर नव्हतीच.

"भाऊजी, मागची फांदी कुणी तोडली?"

"कुठली हो?"

"पश्चिमेची. अर्धी माझ्या कागदावर आहे, अर्धी शोधते आहे."

"वाऱ्याने पडली असेल."

"वारा हल्ली कात्री घेऊन हिंडतो का? तिरपा काप आहे."

भाऊजी हसले. पकडले गेलेल्या माणसाला शोभेल असं ते हसू नव्हतं. "थोडी सफाई केली. सगळे करतात. उजेड नको का? तुमचं बरं आहे, वहिनी. नको असलेलं पान तुम्ही काढतच नाही. आम्हाला ते कापावं लागतं."

"मी पान गाळलं तर पाखराला ऊन लागत नाही."

"तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा," असं म्हणून भाऊजी कॅमेऱ्याची तिपाई घेऊन मागे गेले.

दुपारी ऊन थेट घरट्यात आलं. वहिनींनी काठीला जुनी चादर बांधून आडोसा केला, तर बुलबुल घाबरून घरट्याकडे फिरकेचना. शेवटी चादर काढावी लागली. मग ती आली, घरट्याच्या काठावर उभी राहिली आणि दोन्ही पंख पसरून पिल्लांवर सावली धरली. चोच उघडी, गळा धपापतोय. सूर्य कलला तशी ती कलत गेली. भिंतीच्या कोपऱ्यातून भाऊजींचा कॅमेरा शिवणाच्या यंत्रासारखा कटकटत होता. ते आनंदाने पुटपुटत होते, "वा बाई, वा! अशीच थांब!"

दुसऱ्या दुपारीही ती तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पिल्लांच्या माना घरट्याच्या कडेवर पडलेल्या होत्या आणि मुंग्यांची रांग लागली होती. बुलबुल चोचीत किडा घेऊन बराच वेळ तिथे बसली. मग किडा तसाच घेऊन उडून गेली. वहिनी मोरीत बसून रडल्या आणि रडताना त्यांना स्वतःचाच संताप आला. चादर कसली बांधत बसले, आधी त्या माणसाच्या हातातली कात्री काढून घ्यायला हवी होती.

"जाऊ दे ना," त्यांचे यजमान म्हणाले. ते दोन्ही बाजूंना 'जाऊ दे' म्हणत आणि त्यालाच शांत स्वभाव समजत. "त्याला मुद्दाम थोडंच मारायचं होतं?"

त्या फोटोला 'आईची सावली' असं नाव मिळालं आणि मंडळाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीसही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई ती आईच, पाखराची असो की माणसाची, असं जो तो म्हणू लागला. ती आई उन्हात का उभी होती, हे विचारायला एकालाही सुचलं नाही.

आणि मग बुलबुल परत आली. त्याच झुडपात, थोडं वर, नव्या काड्या रचू लागली. वहिनींच्या आधी भाऊजींनीच ते पाहिलं. "वहिनी, पाहुणी आली हो!" त्यांनी लगेच मंडळाला फोन लावला. पिल्लं निघाली की सगळ्यांनी यायचं, आळीपाळीने बसायचं, अंगण आपलंच आहे.

वहिनींनी झुडपाकडे जायच्या दाराला कुलूप घालायला सांगितलं, तर यजमान म्हणाले, सख्ख्या भावाला अंगणात कसं अडवू? भाऊजींची समजूत घालायला त्या गेल्या, तर त्यांनी कानाला हेडफोन लावले. पालथ्या घड्यावर पाणी. मग एकच वाट उरली. मंडळाने स्पर्धेतल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याच्या उद्घाटनाला वहिनींचं झुडपाचं चित्र भाऊजींच्या फोटोशेजारी टांगलं होतं, आणि दीर-भावजयीने दोन-दोन शब्द बोलावेत असा आग्रह केला होता. चारचौघांत लाज निघाली की हा माणूस पुन्हा कात्री उचलणार नाही, आणि मंडळातलं कुणी अंगणात पाऊल टाकणार नाही, असा त्यांनी हिशोब केला.

सभागृह भरलं होतं. भाऊजी पहिल्या रांगेत, खिसेवालं जाकीट घालून. वहिनींनी माईक हातात घेतला.

"या फोटोत माया दिसते म्हणता. ही माया नाही, भाजणं आहे. या घरट्यावर पश्चिमेकडून एक दाट फांदी होती. आमच्या भाऊजींनी ती कापली, उजेड यावा म्हणून. ऊन आत आलं, म्हणून ही पंख पसरून उभी आहे. दोन दुपारी उभी होती. तिसऱ्या दिवशी पिल्लं मेली. बक्षीस त्याला मिळालं आहे."

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मान वर करता येत नव्हती. आपण जिंकलो, असं वहिनींना वाटलं.

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. अत्यंत सभ्यपणे त्यांनी विचारलं, "पश्चिमेचीच फांदी का? पूर्वेची कापली तर सकाळचं ऊन मऊ पडेल ना?"

वहिनींना प्रश्न कळलाच नाही. शेजारच्या बाईंना कळला. "आणि कधी कापायची? अंडी असताना की पिल्लं निघाल्यावर?"

खुर्च्या सरकल्या. कुणी फोन काढून टिपून घेऊ लागलं. भाऊजींच्या गालांवर हळूहळू रंग परत आला. ते उठले, वहिनींच्या हातातला माईक अदबीने घेतला आणि म्हणाले, "पिल्लं निघाल्यावरच. आधी कापली तर ती घरटं टाकून जाते. पिल्लं असली की कुठे जाते बिचारी?"

लोक हसले. टाळ्याही वाजल्या. वहिनींच्या भाषणालाही वाजल्या असाव्यात, कारण अध्यक्ष त्यांना म्हणाले, "फार उपयुक्त माहिती दिलीत."

त्या चहालाही थांबल्या नाहीत. घरी पोचल्या तेव्हा अंगणात अजून उजेड होता. झुडपातलं घरटं जवळजवळ पुरं झालं होतं, आतून मऊ मुळ्या लावायच्या तेवढ्या बाकी. वहिनींनी वाकून पाहिलं. अंडं नव्हतं. त्यांनी काट्यांत हात घातला, घरटं मुळापासून सोडवलं आणि काडी न् काडी चुरगळली. मनगटावर ओरखडे उठले, ते त्यांनी पुसले नाहीत.

बुलबुल चोचीत मुळी घेऊन आली, आणि मुळी टाकून तारेवरून ओरडू लागली. वहिनी मान वर करून उभ्या राहिल्या. जा बाई, जा, असं त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. आणि ती जाईना, तेव्हा त्यांनी वाकून दगड उचलला.