विहीणबाईंसमोर गप्प केलेला पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नव्हे, रुग्णालयातला. ऑपरेशनची जखम पिकली, की तिच्यात स्पंज बसवतात, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावतात आणि माझी नळी जोडतात. आतली घाण मी ओढून शेजारच्या डब्यात जमा करतो. काम करताना गुरगुरतो. स्वभावच माझा! कारखान्यातून असाच आलो.

तेव्हा मी एका शिंप्याच्या उशाशी होतो. त्याचं हृदयाचं ऑपरेशन छान झालं, पण छातीचं हाड जोडलं तिथेच जंतूंनी घर केलं. "आणखी खोल गेलं तर जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं. सिस्टरनेही बजावलं होतं, "पंप बंद करायचा नाही हं, काकू." शिंपी मात्र मला शिव्या घालायचा. "हा मेला माझ्यापेक्षा जास्त घोरतो!"

एका दुपारी विहीणबाई भेटायला आल्या. लेकीच्या सासरचं माणूस! काकूंना डब्यातल्या पुवाची लाज वाटली, माझ्या गुरगुरीची त्याहून जास्त. त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला आणि "पाचच मिनिटं रे बाबा" म्हणत माझं बटण दाबलं.

शिंपी गुंगीत होता. लेकीचं कौतुक झालं, जावयाची बढती झाली, गप्पा रंगतच गेल्या. इकडे स्पंज सैल पडून फुगला, पू आतच साचू लागला. मला सगळं कळत होतं हो, पण ओरडणार कसा? खिडकीतलं ऊन उतरलं, तरी विहीणबाई उठेनात.

अचानक शिंप्याने डोळे उघडले. "अगं, तो घोरत का नाहीये?"

काकू पांढऱ्याफटक पडल्या. "मीच बंद केला हो! पाहुण्यांसमोर बरं दिसेना…"

"अहो, मी कसली पाहुणी!" म्हणत विहीणबाईच सिस्टरला हाका मारत धावल्या.

जखम उघडली, धुतली, नवा स्पंज बसला. तरी ताप चढलाच. डॉक्टरीणबाई सारख्या येऊन जखम पाहून जात, काकू उशाशीच बसून असत. माझी गुरगुर मात्र अखंड चालू होती. शेवटी ताप उतरला आणि जखम भरू लागली.

विहीणबाई पुन्हा आल्या, तेव्हा काकूंनी त्यांची खुर्ची माझ्या शेजारीच मांडली. "आवाज होतो जरा."

"होऊ दे की. आपण मोठ्यानं बोलू."

आता माझा रंग उडालाय. पण मित्रांनो, आजारपणाची लाज धरू नका. मी गुरगुरतोय तोवर खुशाल गप्पा मारा. गप्प झालो, तर पाहुण्यांना सोडून आधी माझ्याकडे धावा.