घरातलाच अडॅप्टर

गिरीज गावच्या प्लासिड मास्तरांनी आजवर चर्चच्या अर्ध्या धर्मग्रामाची लग्नं जमवली होती. स्थळ बघण्याची त्यांची कसोटी एकच. माणूस आपल्यातला आणि ओळखीचा असला की झालं. त्यापुढच्या चौकशा म्हणजे त्यांच्या मते नसते चोचले.

त्यांच्या मुलीच्या, एलिसाच्या, लॅपटॉपचा अडॅप्टर बिघडला. ती माणिकपूरहून नवा आणायला निघाली, तर मास्तरांना तो घराण्याचा अपमान वाटला. त्यांनी कपाटावरची पिशवी उतरवली. घरात आजवर मोडलेल्या प्रत्येक यंत्राचा अडॅप्टर तीत जपून ठेवला होता. एकेक लावून बघता बघता जुन्या प्रिंटरच्या अडॅप्टरची पिन चपखल बसली.

"पप्पा, लॅपटॉपला एकोणीस व्होल्ट लागतात, हा चोवीसचा आहे," एलिसा म्हणाली.

"पिन बसली ना? मग घरातला असताना बाहेरचा कशाला?" म्हणत मास्तरांनी बटण दाबलंसुद्धा.

थोड्याच वेळात जळका वास सुटला. मास्तरांनी अडॅप्टरला हात लावला, चटकन मागे घेतला आणि चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाले, "सुरुवातीला थोडा तापतोच. सवय होते."

पप्पांनीच पसंत केलेल्या नवऱ्याच्या रागाचं सांगायला एलिसा माहेरी आली होती, तेव्हाही हेच ऐकून परत गेली होती. आता ती कायमची आली होती, आणि मास्तर चर्चमध्ये सगळ्यांना सांगत, तिचं वर्क फ्रॉम होम आहे.

एलिसाने प्लग ओढून काढला.

"हा तरी वेळेत काढला," ती म्हणाली.