वायर कापायची राहिली

विषाची परीक्षा घेऊ नये, असं म्हणतात. विजेच्या वस्तू तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मात्र रोज तेच चालायचं, आणि वर पगारही मिळायचा. नवी तिथे रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. तिला सगळे नवीच म्हणत. तिला काम शिकवत होते गुरुजी. खरं तर ते वरिष्ठ तपासनीस, पण एकच गोष्ट दहादा सांगायची खोड असल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं.

"वस्तू चालते कशी, हे गिऱ्हाईक बघतं," हे त्यांचं पालुपद. "बिघडली की काय करते, हे आपण बघायचं."

काल नवीने पहिल्यांदाच एकटीने खोली गरम करायच्या हीटरची चाचणी घेतली. हीटर फार तापला की त्याला आपोआप बंद करणारी एक कळ आत असते. ती निकामी झाली तर काय होईल, हे पाहायला नवीने ती तारेने जोडून टाकली. आता हीटर कितीही तापला तरी बंद पडणार नव्हता. मग तिने वर कापड पांघरलं. कापड तपकिरी झालं, धुमसू लागलं. नवीने मेन स्विच पाडला, नापासाचा शेरा लिहिला आणि थंड झालेला हीटर भंगाराच्या फळीवर ठेवला. अशा वस्तूची वायर आधी कापायची, मगच ती हलवायची, हा नियम. तेवढी वायर कापायची राहिली.

आज सकाळी फळी रिकामी होती.

"इथला हीटर कुठे गेला?"

"काल मावशींनी फळी पुसली, एवढं मी पाहिलं," गुरुजी म्हणाले. झाडलोट करणाऱ्या मावशी आज रजेवर होत्या. त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. "वायर कापली होतीस ना?"

नवीच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही," ती म्हणाली.

गुरुजींनी लगेच मावशींना फोन लावला. वाजला, आणि कट झाला. पुन्हा तेच. चोराच्या मनात चांदणं. प्रयोगशाळेचा फोन त्या कशाला घेतील? गुरुजी नंबर फिरवत राहिले आणि नवी पळत सुटली. मावशींचं घर मागच्याच गल्लीत होतं. थंडीने तिचे कान दुखत होते. कापड धुमसायला किती वेळ लागतो, हे तिने कालच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. गल्ली संपता संपत नव्हती.

मावशींनी दार अर्धवट उघडलं.

"मावशी, हीटर?"

"कुठला हीटर? मी तिथल्या कशाला हातसुद्धा लावत नाही." मावशींनी सरळ कानांवर हात ठेवले. पण त्यांच्या मागून ऊबदार हवा नवीच्या गारठलेल्या तोंडावर येत होती. नवीला संताप आला. त्यांना ढकलून आत शिरावं असं वाटलं, पण दार आपटून लावलं तर काय करणार?

"मावशी, तुमची चूक काढायला नाही आले. चूक माझी आहे. त्याची बंद पडायची कळ मी मारून टाकलीय. त्याच्यावर काही वाळत घातलं तर पेटेल."

मावशींचा दारावरचा हात सुटला.

"दुपटी," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत धावल्या.

लेक आंघोळीला गेली होती. बाळ पलंगावर झोपलं होतं, आणि पलंगाला लागून ठेवलेल्या हीटरवर एकावर एक दुपटी वाळत घातली होती. खालचं दुपटं धुमसत होतं. मावशींनी बाळाला उचललं. नवीने प्लग उपटला, दुपटी फरशीवर ओढली आणि पायांनी तुडवली. बाळ जागं झालं, घर डोक्यावर घेऊन रडू लागलं. नवीला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मावशींना मात्र आता राग आला.

"कळ मारली होती, तर वायर का नाही कापली? एवढं शिकता तिथं, एक वायर कापता येत नाही?"

नवी मान खाली घालून बसली. खोटं बोलायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

"नवाकोरा होता हो, मावशी. एक ओरखडा नाही. कापवेना."

मावशी बाळाला थोपटत राहिल्या. रडणं हळूहळू थांबलं.

"मलाही तिथं ठेववेना," त्या म्हणाल्या.