वजनाआधीचे धपाटे

आमच्या गावात मुलींची कबड्डीची टीम आहे आणि त्या टीमची स्वयंपाकीण मी आहे. कोणी नेमलेली नाही, मीच होऊन बसले. दिवाळी सरली की तालुक्यातले सामने सुरू होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत बाकीच्या पोरींच्या आया कापूस वेचायला वावरात असतात. माझं शिलाईमशीन घरातच, म्हणून बारा जणींची शिदोरी माझ्याकडे. धपाटे, गुळाच्या दशम्या, जवसाची चटणी आणि किटलीभर घट्ट ताक. "रंजिताकाकूच्या हाताले चव आहे," असं पोरी म्हणतात. आहेच. नम्रपणा मला जमत नाही, आणि आज जे सांगायचं आहे त्यात तो शोभणारही नाही.

माझी वैष्णवी त्याच टीममध्ये आहे. म्हणजे राखीव. दोन वर्षं तिनं मैदानाबाहेर बसून दुसऱ्यांच्या चपला सांभाळल्या. चढाईला जायची ती सुरभी. तिचे आईवडील रोजानं कापूस वेचतात. पोरगी उंच, चपळ, चौघींनी धरलं तरी त्यांना ओढत रेषेवर आणणारी. मला ती आवडायची. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे काही उगाच म्हणत नाहीत. तिच्यासाठी टाळ्या मीही वाजवायचे आणि मनात म्हणायचे, मेली कधी आजारीसुद्धा पडत नाही.

त्या रविवारी बाभुळगावला पंचावन्न किलोंच्या आतल्या मुलींचे सामने होते. जिल्ह्याच्या शिबिरासाठी खेळाडू निवडणारे दोघं येणार होते. आमची टीम घडवली तारिक सरांनी. सर म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, पण पोरी त्यांना सरच म्हणतात. गाडीत बसायच्या आधी त्यांनी किराणा दुकानातल्या मोठ्या काट्यावर एकेकीला उभं केलं. सुरभी चोपन्न किलो आठशे भरली.

"दहा वाजता तिकडं वजन होते," सर म्हणाले. "तोवर सुरभीनं काही खायचं नाही. वजन झालं का मंग दाबून खा. रंजिताभाभी, डबा तुमच्यापाशी आहे, ध्यान ठेवजा."

"हो न," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, सुरभीसमोरही.

मैदानावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. सर नावं नोंदवायला गेले, पोरी चकरा मारू लागल्या. मी कडुलिंबाखाली सतरंजी टाकून डबे मांडले. तेवढ्यात सुरभी आली.

"काकू, वेणी घट्ट घालून द्या न. खेळताना सुटून जाते."

ती माझ्यापुढे पाठ करून बसली. केस विंचरता विंचरता मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं का?"

"नाही. माय पाचलेच वावरात गेली. वजन झाल्यावर खातो."

इथे थांबता आलं असतं. माझं मन गोंधळलं होतं, मायेनं हात पुढे गेला, असं काही मी सांगणार नाही. डोकं अगदी ताळ्यावर होतं. दोनशे ग्रॅम, एवढंच त्यात होतं.

"रिकाम्या पोटी चक्कर येईल. एका धपाट्यानं काय होते? घे."

तिनं घेतला. मग एक वाढू नये म्हणून दुसरा. चटणी तिखट लागली म्हणून दशमी, दशमी कोरडी म्हणून ताक. ती "बस काकू, बस" म्हणत होती, पण आमच्याकडे बस म्हणणाऱ्याला आणखी वाढतात. "तुले माझी शपथ," म्हणून मी दुसरा पेला तिच्या हातात दिला. पोटात एक नि ओठांवर एक, असं मी लोकांना किती वेळा नावं ठेवली असतील. वेणी मात्र खरंच छान घातली.

दहा वाजता काटा पंचावन्न किलो चारशेवर थांबला.

तारिक सरांचा चेहरा पडला. "काय खाल्लं तू?"

"भूक लागलती सर," सुरभी म्हणाली. "मीच खाल्लं." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पंचांनी वीस मिनिटं दिली. सरांनी तिच्या अंगावर दोन स्वेटर चढवले आणि ती भर उन्हात मैदानाभोवती पळत सुटली. तिची पावलं जड पडत होती. पळताना ती पोट धरत होती आणि ते माझ्या ताकानं भरलं होतं. पुन्हा वजन केलं, पंचावन्न दोनशे पन्नास. बघ्यांतल्या कोणीतरी सांगितलं, घशात बोटं घाल, मोकळी होशील. तिनं मान हलवली. "नाही. अन्न आहे ते." आणि परत पळाली. शेवटी पंचावन्न दोनशे. वेळ संपली.

मी खाऊ घातलं, असं मला तेव्हा बोलता आलं असतं. बोलून वजन थोडंच उतरणार होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. लाज वाटायला सुरुवात झाली होती. पण सरांनी सुरभीच्या अंगावरची जर्सी वैष्णवीला दिली, तेव्हा मला आनंद झाला. अगदी खरा आनंद. त्याची लाज मला धपाट्यांपेक्षा जास्त वाटते.

वैष्णवी खेळली. रेषेबाहेर उभी राहून सुरभी घसा फुटेस्तोवर ओरडत होती, "वैष्णू, उजव्या कोपऱ्यात जा! ते पोरगी ढिली आहे!" वैष्णवी उजव्या कोपऱ्यात जायची आणि गुण घेऊन यायची. पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. पण शिबिराच्या यादीत आमच्या टीममधून एक नाव आलं, ते वैष्णवीचं. पोरींनी तिला उचलून घेतलं. पहिला हात सुरभीचा होता.

मग सगळ्या जेवायला बसल्या. सर म्हणाले, "भाभी, तुमच्या खाण्यानंच टीम चालून राह्यली." सुरभी जरा बाजूला, ताटलीत एक धपाटा घेऊन बसली होती. मी तिला चटणी वाढायला वाकले आणि तोंडातून निघून गेलं.

"सुरभी, मले वजनाचं माहीत होतं. मी मुद्दाम खाऊ घातलं तुले."

तिचा घास तोंडातच राहिला. मग तिनं तो सावकाश गिळला.

"मले बी समजलंतं काकू. सरांनी तुमाले माह्यासमोरच तं सांगितलं होतं."

"मंग खाल्लं कायले?"

"मोठ्या माणसाच्या हातचं परत कसं करू? तुमी शपथ बी घातली." तिनं धपाट्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "पहिल्या धपाट्याले वाटलं, काकू विसरल्या असतील. दुसऱ्याच्या वक्ती मी मागं वळून पाह्यलं तुमच्याकडं."

तिनं वळून पाहिलं होतं, ते मला आठवलं. मी "हलू नको, वेणी बिघडते," म्हणून तिचं डोकं सरळ केलं होतं.

"आता वैष्णूले नका सांगू," ती म्हणाली. "लय खुश आहे ते."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. हात आपल्या सवयीनं पुढे झाला. मी डब्यातला धपाटा उचलून तिच्या ताटलीकडे नेला. तिनं ताटलीवर हात आडवा धरला.

"नको."

आग्रह करायला मला तोंड उरलं नव्हतं.