रंग चढलेला रुपया

नाशिकच्या नाणेसंग्राहक मंडळाचं दोन दिवसांचं प्रदर्शन गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये भरलं होतं, आणि साक्षी गांगुर्डे पहिल्यांदाच स्पर्धेत उतरली होती. अंबडच्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात नोकरीला होती. वडील गेल्यापासून त्यांच्या नाण्यांचं कपाट तिच्याकडे आलं होतं. स्पर्धेला तिनं एकच नाणं दिलं होतं, पंचम जॉर्जच्या काळातला चांदीचा रुपया. असे रुपये पुष्कळांकडे असतात. याचं वेगळेपण रंगात होतं. कडेला गडद निळा, त्याच्या आत जांभळट लाल आणि राजाच्या गालापाशी पिकल्या लिंबाचा पिवळा.

चांदी वर्षानुवर्षं एका जागी पडून राहिली की असा रंग तिच्यावर आपोआप चढतो. संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात आणि त्यासाठी वेडे होतात. म्हणून तो खोटाही केला जातो. कुणी नाणं तव्यावर तापवतं, कुणी गंधकाबरोबर डबीत कोंडून ठेवतं. मागच्याच वर्षी मंडळानं असल्या एका नाण्याला पहिला नंबर दिला होता आणि नंतर सगळ्यांची मान खाली गेली होती.

त्यामुळे परीक्षक सुनील भावसार यंदा डोळ्यांत तेल घालून बसले होते. शनिवारी सकाळी त्यांनी साक्षीला बाजूला बोलावलं.

"नाणं सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हे बघा."

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. राजाच्या चेहऱ्यामागे, कडेला लागून, डोळ्याच्या आकाराचा एक पांढराफटक भाग होता. तिथे रंगच नव्हता.

"एवढाच तुकडा कोरा कसा राहिला? काहीतरी ठेवून झाकला आणि बाकीचं रंगवलं, असं उद्या कुणीही म्हणेल. मीही म्हणेन."

"सर, हे माझ्या आजोबांचं नाणं आहे. पप्पांनी त्याला कधी काही केलं नाही."

"तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण मला नाणं बोलायला हवं. उद्या दुपारी निकाल आहे. तोपर्यंत मी ते बाजूला ठेवतो."

साक्षी हॉलबाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. तो पांढरा भाग तिनं लहानपणापासून पाहिला होता, पण तो का आहे हे कधी विचारलं नव्हतं. पप्पांना आता विचारता येणार नव्हतं. आजोबा धोंडीराम मनमाडला रेल्वेत होते, त्यांना जाऊन तर जमाना झाला होता. उरली होती विमलाबाई, सायखेड्याची आत्या. साक्षीनं स्कूटी काढली.

आत्या ओट्यावर कांद्याची पात निवडत बसली होती. जय भीम झाला, पाणी झालं. साक्षीनं मोबाइलमधला फोटो दाखवून सगळं सांगितलं.

आत्यानं फोटो लांब धरून बघितला. "ह्याचा जोडीदार माझ्याकडं हाय की."

"जोडीदार?"

"आबांच्या नोकरीच्या पेटीत एक काडेपेटी होती. तिच्यात दोन रुपये. ते गेल्यावर एक तुझ्या बापाला आला, एक मला. कुणी कधी मोडला नाय."

रुपया केवढा आणि काडेपेटी केवढी, हे साक्षीच्या मनात भराभर मोजलं जात होतं. शेजारी-शेजारी दोन बसणारच नाहीत. एकाची कड दुसऱ्यावर चढणारच, आणि झाकलेला भाग कोराच राहणार. आणि काड्यांच्या गुलात गंधक असतं.

"आत्या, तुझा रुपया कुठंय? तू तो घासलास का?"

तिनं हे घाबरतच विचारलं, कारण आत्याच्या घरातली भांडी आरशासारखी लखलखत होती.

आत्यानं मान खाली घातली. "घासला. राजा पार काळानिळा झालेला. राख घेतली अन् चोळला. त्याचं तोंड पांढरं झालं तसं मलाच कसंतरी झालं. आबांच्या हातचं काहीतरी पुसून टाकलं असं वाटलं. मग दुसऱ्या बाजूला हात नाय लावला."

ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून कापडाची पुरचुंडी घेऊन आली. राजाची बाजू खरंच उघडी पडली होती, ओरखड्यांनी भरलेली. साक्षीनं कडेला धरून रुपया उलटा केला.

निळा, लाल, पिवळा. आणि एका कडेला डोळ्याच्या आकाराचा पांढरा भाग.

साक्षीला हसूही आलं आणि डोळेही भरले. "आत्या, हा मला उद्यापुरता देशील?"

"नाय देणार," आत्या शांतपणे म्हणाली. "रुपया माझ्याबरोबर येईल. मी पण बघते तुझा परीक्षक."

रविवारी सकाळी आत्या इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून स्कूटीवर मागे बसली आणि पुरचुंडी तिनं हॉलच्या दारापर्यंत मुठीतून सोडली नाही.

भावसारांनी साक्षीकडून सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही नाणी मखमलीवर ठेवली. दोन्ही पांढरे भाग मोजले. लांबी सारखी, रुंदी सारखी. मग त्यांनी आत्याची परवानगी मागितली, पातळ प्लास्टिकमध्ये घालून तिचा रुपया साक्षीच्या रुपयावर ठेवला आणि हळूहळू सरकवला. वरच्या नाण्याची कड खालच्या पांढऱ्या भागाच्या रेषेवर तंतोतंत बसली. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. आजूबाजूला माणसं जमली होती.

"काडेपेटीत होती म्हणता?" त्यांनी विचारलं.

"मी पोरगी होते तेव्हापासून," आत्या म्हणाली.

भावसार सरळ झाले. "एकट्या नाण्यावर मी अजूनही वाद घातला असता. पण खोटा रंग करणारा माणूस नाणं करतो आणि विकून मोकळा होतो. दुसरं नाणं सायखेड्याला नेऊन, त्याची एक बाजू राखेनं घासून, तांदळात कशाला ठेवेल? हा रंग खरा आहे. मी काल चुकीची शंका घेतली असं म्हणणार नाही, पण आज ती फिटली आणि मला फार आनंद झाला."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजवू लागला.

दुपारी पहिला नंबर साक्षीच्या रुपयाला जाहीर झाला. ती मंचावर एकटी गेली नाही. आत्याला हाताला धरून घेऊन गेली आणि माइकवर म्हणाली, "हे नाणं धोंडीराम गांगुर्डे यांच्या घरचं आहे. ते खरं आहे, हे त्यांच्या लेकीमुळे कळलं."

मंडळानं दोन्ही रुपये एकाच काचेखाली मांडले, काडेपेटीत होते तसे, एकाची कड दुसऱ्यावर. बघायला रांग लागली. आत्या काचेशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि येईल त्याला सांगू लागली, आबा कोण होते, इंजिनात कोळसा कसा टाकायचे, राख कुठं लागली आणि हात का थांबला.

संध्याकाळ होत आली तशी साक्षी जवळ आली. "आत्या, निघूया का आता?"

"बस जरा," आत्या म्हणाली. "अजून रांग हाय."