नावाच्या कडव्याआधी हिसकावलेला माईक

वाचक मित्रांनो, प्रस्तुत लेखात मी आपणांस रेणापूरची करुणासागर गायन पार्टी व तिच्या मुख्य गायिका सरजाबाई यांचा परिचय करून देणार आहे. त्याचबरोबर अर्धापूर येथे घडलेल्या एका अन्यायाचे निवेदनही करणार आहे. निवेदन करताना माझा स्वर चढला, तर त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.

मी एक जुना माईक आहे. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, हे मला ज्ञात नाही. नांदेडच्या बाजारातील एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मी भानावर आलो. तेथून साउंडवाले निवृत्ती यांनी मला विकत आणले. आता माझ्या जाळीला पोचा पडला आहे व दांड्याचा काळा रंग माणसांच्या घामाने उडाला आहे. बोटाने टकटक करून "हॅलो, हॅलो" म्हणणारे मी असंख्य पाहिले. तंबाखूच्या वासाची भाषणे सोसली. सोसणे हाच माझा धर्म आहे, असे मी समजत होतो.

नंतर सरजाबाई माझ्या आयुष्यात आल्या. त्या दिवसा शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. चुलीच्या धुराने त्यांचा आवाज किंचित फाटला आहे, आणि त्या फटीतूनच त्यांचे काळीज बाहेर येते. वरचा सूर लावताना त्या ओरडत नाहीत. मला वीतभर दूर धरतात आणि डोळे मिटतात. ढोलकीवर नांदेडचे सरदारभाई असतात. पत्र्याच्या पेट्या बनवून त्यांच्या बोटांवर चरे पडलेले आहेत, तरी थाप मऊ. बाजाच्या पेटीवर गुरुबसप्पा. हे गृहस्थ गाणे संपेपर्यंत मान वर करत नाहीत.

मित्रांनो, आमच्या गाण्याच्या शेवटी नावाचे कडवे असते. रचणारा त्यात आपले नाव गुंफतो. सरजाबाईंनी केळीचे गाणे रचले, तेव्हा स्वतःचे नाव घातले नाही. अर्धापूरच्या बागांतून डोक्यावर घड वाहणाऱ्या पाच बायकांची नावे घातली. लुगड्यावर पडलेला केळीचा चीक जन्मभर निघत नाही, असे त्या गाण्यात आहे.

अर्धापूरला एका मंडळाच्या वर्धापनदिनी ते गाणे होणार, हे कळताच त्या पाचही जणी टेम्पोत बसून आल्या. टेम्पो सहाला परत निघणार होता. त्यांतील थोरली जन्नतबी स्टेजजवळ येऊन म्हणाली, "सरजा, माझं नाव भोंग्यातून येऊ दे बाई. घरी मला सगळे जीशानची अम्मीच म्हणतात. जन्नतबी म्हणून हाक मारणारं कुणी राह्यलंच न्हाई."

"येतंय की. बस आधी, पाणी पी," सरजाबाई म्हणाल्या.

गाणे सुरू झाले. पुढे बसलेली पोरे शांत झाली. शेवटचे कडवे आले. सरजाबाईंनी श्वास घेतला, माझ्या जाळीवर "ज" एवढेच अक्षर पडले, आणि मंडळाचे अध्यक्ष भुजंगराव स्टेजवर चढले.

"थांबा बाई, थांबा. साहेब आलेत."

"एकच कडवं राह्यलंय, दादा."

"कडवं कुठं पळून चाललंय? साहेब चाललेत!"

असे म्हणून त्यांनी मला हिसकावले. आणि माझे मालक निवृत्ती यांनी काय केले? पुढाऱ्याच्या हाती माईक गेला की आवाजाचे बटण वर करायचे, ही साउंडवाल्यांची जुनी सवय. त्यांनी ते वर केले.

सरजाबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "वा रे निवृत्ती! माझ्या वक्ताला खरखर, अन् यांच्या वक्ताला मोकळा आवाज, हाव का?"

निवृत्तींनी मान खाली घातली. बटण मात्र खाली केले नाही.

नंतर माझ्यातून बेचाळीस सत्कारमूर्तींची नावे गेली. प्रत्येकास आदरणीय, प्रत्येकास शाल, प्रत्येकास नारळ. मला जीभ असती तर मी ती तेथेच चावली असती. सहा वाजत आले. टेम्पोवाला हॉर्न मारू लागला. जन्नतबी उठली, पदर झटकला. "चला गं. आपलं नाव तेवढं मोठं न्हाई."

हे सरजाबाईंनी ऐकले. त्या अनवाणीच स्टेज उतरल्या. सरदारभाईंनी ढोलकी गळ्यात घातली. कधी मान वर न करणाऱ्या गुरुबसप्पांनी पेटी उचलून डोक्यावर घेतली. तिघे टेम्पोपाशी गेले आणि सरजाबाईंनी ते कडवे उघड्या आवाजात म्हटले. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केले. जन्नतबी, हुस्ना, नीलम्मा, समीक्षा, गोदावरी. पाचही नावे मला स्टेजवरून पुसट ऐकू आली. ती माझ्यातून जायला हवी होती! माझ्यातून तेव्हा एकोणतिसावा नारळ चालला होता.

मग जन्नतबीचा आवाज आला, "परत एकदा म्हण सरजा. रडण्याच्या नादात मला ऐकूच आलं न्हाई."

माझे मालकही बटण सोडून तिकडे धावले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे सांगण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. मला आपटा, पाण्यात टाका, भंगारात घाला. परंतु गाणाऱ्याच्या हातातून मला ओढू नका. ही पार्टी आपल्या गावी आली, तर नावाच्या कडव्यापर्यंत बसा, आणि यादी घेऊन कोणी उठला, तर त्याचा हात धरून त्यास खाली बसवा. तो साहेब असला तरी.

आपण मध्येच न उठता शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आभारी आहे.

माईकच्या वतीने लिहिणारा व त्या दिवशी बटण वर करणारा,
निवृत्ती सोनकांबळे, साउंडवाला