रविवारचा कोलदांडा

प्रतिमाबाईंनी खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि खोलीतलं बोलणं थांबलं. फळ्यापाशी उभे असलेले कर्नल धनंजय वळून बघत राहिले. दिनकररावांनी उगीचच चष्मा पुसायला घेतला. ती खुर्ची हेमचंद्रांची होती. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. रिकामी दिसायला नको म्हणून धनंजयांच्या पत्नी नयनाताई तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवत.

प्रतिमाबाईंनी तो गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि त्या बसल्या.

"वहिनी, इकडे सोफ्यावर बसा ना आरामात," धनंजय म्हणाले.

"इथे बरं आहे, भाऊजी. उजेड आहे."

उजेड कसला डोंबलाचा! बाहेर विकास नगरात धुकं असं दाटलं होतं की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. जानेवारीत लखनौला सूर्य कधी उगवतो ते पंचांगालाच ठाऊक. पण नवऱ्याच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती.

दर रविवारी सकाळी इथे, धनंजयांच्या घरी, चार मराठी माणसं जमायची. सैन्यातून निवृत्त होऊन इथेच घर बांधलेले धनंजय, विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलेले दिनकरराव, छावणीतून येणारे मेजर राजेश, आणि प्रतिमाबाईंचे यजमान हेमचंद्र. संशोधन संस्थेत रसायनशास्त्रात सगळा जन्म घालवलेला माणूस. शेअरबाजार हे निमित्त. घरच्या भाषेत पोटभर भांडायला मिळतं, हे खरं कारण. भांडणालाही शिस्त हवी म्हणून कर्नलसाहेबांनी एक नियम घालून दिला होता. हातात जो शेअर असेल त्याच्या विरुद्ध दर रविवारी एकाने बोलायचं, आणि त्याचा चहा संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. याला ते 'कोलदांडा' म्हणत. ठरलं होतं पाळीपाळीने करायचं, पण हेमचंद्रांचा त्यात असा हातखंडा, की ते काम कायमचं त्यांच्याच गळ्यात पडलं.

सगळ्यात जास्त कोलदांडे पडले ते सौदामिनी मोटर्सवर. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची कंपनी. चौघांनी मिळून तिचे शेअर घ्यायचे ठरले तेव्हा हेमचंद्र एकटे विरुद्ध होते. बहुमताचा मान राखून त्यांनीही शेअर घेतले, आणि मग दर रविवारी त्यांचे वाभाडे काढले. बाकीचे हसायचे. शेअर चढत होता, हसायला काय जातंय? धनंजयांनी तर हौसेने त्या कंपनीची गाडीही घेतली. आज प्रतिमाबाईंना आणायला ते तीच घेऊन गेले होते. धुक्यातून आधी दोन दिवे आले, मग बोनेट, आणि फाटकाशी गाडी येऊन उभी राहिली तरी आवाज म्हणून नाही. हेमचंद्र तिला भुताची गाडी म्हणायचे. आज तिच्यात बसताना प्रतिमाबाईंचा जीव चरकला होता.

रविवारी सकाळी दाढी करता करता हेमचंद्र 'मान्य. सगळं मान्य. पण एक शंका' अशी सुरुवात करून आपल्या भाषणाची तालीम करायचे. स्वयंपाकघरात कणीक मळताना प्रतिमाबाईंना सगळं ऐकू यायचं. दिवाळीनंतर ते गेले. पण अजूनही रविवारी न्हाणीघराच्या दाराशी प्रतिमाबाईंची पावलं थबकत. आत कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटे. त्या भासाची त्यांना भीती नव्हती. अलीकडे तो पुसट होत चालला होता, त्याची भीती होती. गेल्या रविवारी तर नुसता नळ ठिबकताना ऐकू आला. त्या दिवशी त्या दुपारपर्यंत जेवल्या नाहीत.

"नेत्रा काय म्हणते?" दिनकररावांनी विचारलं.

"काय म्हणणार? मी मराठीत विचारलं, ती हिंदीत म्हणाली, 'माँ, बेच दो ना, पापा को तो वैसे भी पसंद नहीं था।'" प्रतिमाबाई किंचित हसल्या. "सौदामिनीचे शेअर आता माझ्या नावावर झालेत. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

राजेशना एवढंच हवं होतं. ते पुढे सरकून बसले. "वहिनी, मेरी मानिए, घाई करू नका. नवी बॅटरी येतेय. बिनचालकाची गाडी येतेय. आणि खरं सांगू? ही मोटारींची कंपनीच नाही, ही टेक कंपनी आहे. लोक तिला मोटारीच्या मापाने मोजतात, तिथेच चुकतात."

"जाणकारांचं काय म्हणणं आहे?"

"जाणकार!" दिनकरराव म्हणाले. "एक म्हणतो वर्षात दुप्पट होईल, दुसरा म्हणतो निम्मा. दोघेही टाय लावून सांगतात. मी जन्मभर सरासरी शिकवली, पण या दोघांची सरासरी काढून मला झोप लागत नाही."

नयनाताईंनी मटार घातलेले पोहे आणले, मग चहा. धनंजयांनी सवयीने फळ्यावरच्या 'सौदामिनी' या नावाखाली रेघ ओढली.

"आता कोलदांडा," ते म्हणाले, आणि गप्प झाले.

गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. नाव पुकारलं जायचं, सगळे कपात बघायचे आणि पुढच्या शेअरकडे वळायचे.

"मी मांडू का?" प्रतिमाबाईंनी विचारलं.

"तुम्ही?" राजेश म्हणाले. "अच्छा, मांडा ना. जरूर."

प्रतिमाबाईंनी चहाचा एक घोट घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. असं आपण करणार आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं; हात आपसूक वर गेला होता.

"मान्य. सगळं मान्य. पण एक शंका."

दिनकररावांचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

"हा शेअर गाड्या किती खपल्या त्यावर हलतो का? नाही. मालक काय बोलला त्यावर हलतो. गेल्या साली म्हणाला, पुढच्या साली बिनचालकाची गाडी. यंदाही म्हणतो, पुढच्या साली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! कर्नल, तुमची गाडी आलमबागच्या वर्कशॉपमध्ये एका सुट्या भागासाठी किती दिवस पडून होती? तुम्ही रिक्षाने हिंडत होतात आणि शेअर चढत होता. मला सांगा, तो नेमका कशावर चढत होता?"

धनंजयांना प्रतिमाबाईंनी आजवर कधी कर्नल म्हटलं नव्हतं. त्यांना कर्नल म्हणणारा एकच माणूस होता.

आवाज बाईचाच होता, पण खाली उतरलेला, सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा थांबणारा. नयनाताई ट्रे छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

"आणि बुधवारचा निकाल वाचलात? नफा वाढला म्हणून पेढे वाटण्याआधी जरा खाली बघा. तो गाड्या विकून आलेला नाही, सरकारी सवलतीतून आलाय. सवलत मार्चमध्ये संपते. उसन्या दागिन्यांवर लग्न लागतं राव, संसार होत नाही."

बुधवारचा निकाल. तो यायच्या कितीतरी आधी हेमचंद्र गेले होते. प्रतिमाबाईंनी बातमी वाचली होती खरी, पेपर अजून येत होता म्हणून, रिकामा वेळ खायला उठतो म्हणून. पण सवलतीची गोष्ट आपण कधी ताडली, दागिन्यांचं वाक्य आपल्या तोंडी कुठून आलं, हे त्यांना कळेना. तालमीत त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या घाबरल्या, आणि त्याहून कितीतरी जास्त त्यांना आनंद झाला. आवाज विझला नव्हता. इथे, या खुर्चीत, तो चांगला धडधाकट होता, आणि त्याच्याकडे बोलायला नवं काहीतरी होतं.

चहा संपला. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा नाकावर ओढला आणि पुन्हा त्या प्रतिमाबाई झाल्या.

धनंजय फळ्याकडे वळले.

"हेमचंद्र हेच सांगत होता," ते म्हणाले. "इतकी वर्षं. आणि आपण दात काढत होतो." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "हात वर करा. विकायचं म्हणणारे?"

दिनकररावांचा हात आधी वर गेला. मग धनंजयांचा. राजेशनी एकदा खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि त्यांनीही केला.

"जिंकला तुमचा नवरा, वहिनी," धनंजय म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "जिवंतपणी एकदाही नाही जिंकला. आज जिंकला. उद्याच विकून टाकू सगळे. तुमचेही मी विकून देतो, कसली काळजी करू नका."

त्यांनी डस्टर उचललं. त्यांचा आणखी एक नियम होता: ज्या शेअरमधून सगळे बाहेर पडले त्याचं नाव फळ्यावरून पुसायचं आणि या घरात पुन्हा काढायचं नाही. विकलेल्या एका सिमेंट कंपनीवरून पूर्वी दोघांत महिनाभर अबोला झाला होता, तेव्हापासूनचा नियम. एकाकडे जरी शेअर उरला, तरी नाव राहायचं आणि रविवारी त्याचा कोलदांडाही व्हायचा.

डस्टर फळ्याला लागलं.

"थांबा, भाऊजी."

धनंजय थांबले.

"मी नाही विकणार."

"अहो वहिनी," राजेश गडबडले, "आत्ता तुम्हीच तर... आम्ही सगळे तुमचं ऐकून... बुडेल ना यार सगळं!"

"बुडेल बहुतेक. यांचा अंदाज सहसा चुकत नाही."

"मग नेत्राला काय सांगाल?" दिनकररावांनी हळूच विचारलं.

"सांगेन काहीतरी."

"पण का, वहिनी?" धनंजयांना राहवेना. "त्याचंच तर म्हणणं खरं झालं. आता आणखी काय हवंय?"

प्रतिमाबाईंनी पदर सारखा केला. सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं नसतं तर ते नाव गेलंच असतं.

"नाव पुसलंत तर पुढच्या रविवारी यांनी बोलायचं कशावर?"

नयनाताईंनी ट्रे खाली ठेवला. राजेश काही बोलायला गेले आणि दिनकररावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

फळ्यावरचं पहिलं अक्षर पुसलं गेलं होतं. धनंजयांनी डस्टर बाजूला ठेवलं, खिशातून खडू काढला आणि ते पुन्हा लिहिलं.